चालकाची चूक

मंगळवारी सकाळी ऑफिसच्या लिफ्टचं दार माझ्या खांद्याला लागलं आणि मागे गेलं. एवढंच झालं. मी उंबऱ्यावर उभी राहून पर्समध्ये चष्मा शोधत होते, दार आलं, त्याची रबराची कड खांद्याला टेकली न टेकली आणि ते परत फिरलं, गर्दीत एखाद्या सभ्य माणसाचा धक्का लागावा आणि त्यानेच ओशाळून बाजूला व्हावं तसं. आत टपाल विभागातला माणूस उभा होता. "मॅडम, येताय ना?" मी गेले नाही. दार पुन्हा आलं, पुन्हा लागलं, पुन्हा गेलं. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम खांदा पुढे केला. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला आणि मला त्याच्यासमोर, सकाळी सव्वानऊ वाजता, इतका राग आला की कानशिलं गरम झाली. या इमारतीत कागदापेक्षा जड काही कुणाच्या हातात नसतं. तरी इथल्या दाराला शिकवून ठेवलंय की मध्ये माणूस आला तर मागे व्हायचं. आणि याच इमारतीच्या पाचव्या मजल्यावर बसून आम्ही हजार किलो उचलणारं यंत्र कागदावर काढतो, शेतावर पाठवतो, आणि त्याला मात्र असं काही शिकवलेलं नसतं. शिकवलं होतं खरं तर. मी शिकवलं होतं आणि मीच ते काढून टाकलं. "तुम्ही व्हा पुढे," मी त्या माणसाला म्हटलं आणि पाच मजले जिन्याने चढले. प्रत्येक पायरीवर पाय आपटत. बावन्नाव्या वर्षी गुडघे दुखतात. दुखू देत, म्हटलं.

सव्वीस वर्षं मी या कंपनीच्या नियंत्रण विभागात आहे. इंजिन माझं नाही, चाकं माझी नाहीत, तेलाच्या नळ्या माझ्या नाहीत. यंत्राचा जो भाग माणसाच्या हाताला किंवा पायाला लागतो तो माझा: लिव्हर, पेडल, बटण, सीट. लिव्हर कुठे बसवायचा, किती जोराने हलला पाहिजे, हात सुटला की जागेवर परत आला पाहिजे की नाही. लोकांना हे काम किरकोळ वाटतं. आमच्या विक्रीप्रमुखाला तर नक्कीच वाटतं. त्याचं टोपणनाव 'होऊन जाईल', कारण काहीही विचारलं तरी तो तेच म्हणतो. त्याने एकदा माझी ओळख पाहुण्यांना करून दिली होती, "या आमच्या मुठी बनवणाऱ्या बाई." सगळे हसले. मीही हसले. मी त्या काळात पुष्कळ हसत असे.

टेबलावर तो अहवाल पडलेला होता. अकरा पानं, शेवटच्या पानावर दोन ओळी. 'अपघाताचे कारण: चालकाची चूक. यंत्राच्या रचनेत दोष आढळला नाही.' खाली चौकशीवाल्याची सही होती, मुख्य साहेबांची होती आणि तिसरी जागा रिकामी होती, माझ्यासाठी. बारा वाजता मीटिंग. चौकशीवाला म्हणजे चौकशी विभागातला माझ्याच वयाचा गृहस्थ, शांत, नीटनेटका, पेनाचं टोपण लावल्याशिवाय पेन खिशात न ठेवणारा. त्याने अहवालात खोटं काही लिहिलेलं नव्हतं. चालक बाई होती, ती सीटवरून उठली, तिच्या जाकिटामुळे लिव्हर पुढे ढकलला गेला, यंत्राचे लोखंडी हात खाली आले, खाली उभा असलेला तिचा दीर जागेवर गेला. सगळं खरं. एक शब्द खोटा नाही आणि सगळं मिळून लबाडी. हे कसं करतात, मला आजही नीट सांगता येणार नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की अकरा पानांत 'ती का उठली' हा प्रश्न कुठेच नव्हता.

ती का उठली ते मला माहीत होतं, कारण गुरुवारी मी स्वतः त्या सीटवर बसून आले होते. चौकशीवाल्याबरोबर त्या शेतावर गेले होते. अपघाताला तेव्हा दोन आठवडे झाले होते. गोठ्याचं अर्धवट बांधकाम, चार सिमेंटचे खांब, त्यांतल्या दोनांवर लोखंडी तुळई चढवलेली आणि दुसरी तुळई अजून जमिनीवर तशीच. आमचं यंत्र बाजूला उभं. तसं ते साधंच: ट्रॅक्टर, त्याच्या पुढे दोन लोखंडी हात, ते वरखाली होतात, टोकाला फावडं लावा नाहीतर काटे लावा. हात वर करायला लिव्हर मागे ओढायचा, खाली आणायला पुढे ढकलायचा. आणि अगदी पुढे ढकलला की तो एका खाचेत बसतो आणि तिथेच राहतो, मग हात आपल्या वजनाने खाली येतात, इंजिन बंद असलं तरी. जमीन सपाट करताना ती खाच लागते. बाकी वेळी ती खाच म्हणजे उघडी विहीर.

बाई पस्तिशीची असेल. तिने आम्हाला खाटेवर बसवलं आणि स्वतः उभी राहिली. घरात सासू होती, नवरा होता; कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. भांडण नव्हतं, टाकून बोलणं नव्हतं, नुसतं बोलणं नव्हतं. तिने पाणी आणलं तेव्हा नवऱ्याने पाय मागे घेतले, वाट दिली, आणि तिच्याकडे पाहिलं नाही. "माझं लक्ष नव्हतं," ती म्हणाली. चौकशीवाल्याने लिहून घेतलं. मी विचारलं, "तुम्ही उठलात कशाला?" ती गोंधळली. हे तिला तोवर कुणी विचारलेलंच नव्हतं. "भाऊजी खालून म्हणाले, वहिनी, जरा बघा, डाव्या खांबावर सरळ बसतंय का. सीटवरून दिसत नाही ना. मध्ये तो आडवा दांडा येतो. म्हणून उठले. थंडी होती, यांचं जाकीट घातलं होतं. खिसे मोठे आहेत त्याचे." मग ती थांबली आणि पाठ केल्यासारखं पुन्हा म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं." आणि मी मान हलवली. का हलवली? कुणी समोर रडायच्या बेतात असलं की आपण हलवतो तशी. पण ती मान हलणं म्हणजे सहीच होती, हे मला नंतर कळलं.

मी त्या सीटवर बसले. आधी आजूबाजूला कुणी नाही याची खात्री केली, यंत्राचे रिकामे हात वर नेले आणि डाव्या खांबाकडे बघायचा प्रयत्न केला. आडवा दांडा बरोब्बर डोळ्यांसमोर. खांबाचं टोक बघायचं तर उठावंच लागतं, आणि उठायचं तर शरीर उजवीकडे वळतं, आणि उजव्या मांडीशेजारी, चार बोटांवर, लिव्हर. माझा. मी माझ्या कोटाचे खिसे मोकळे सोडले आणि उठले. सात वेळा उठले. तीन वेळा लिव्हर खिशाने हलला. सातव्या वेळी मूठ सरळ खिशाच्या तोंडात शिरली, मी सरळ होताना खिशाने तिला पुढे नेलं आणि खाचेत बसवलं. मी दचकून मागे झाले, कोटाची शिवण उसवली, पण लिव्हर खाचेतच. हात खाली आले. मी पुढचं नीट बघितलं, कारण बघायलाच गेले होते. पावणेदोन सेकंद. एवढ्या वेळात माणसाला 'अरे' म्हणता येतं, हलता येत नाही. चौकशीवाला कुंपणाशी उभा होता. त्याने पेनाला टोपण लावलं. "मॅडम, हे आपल्या कामाच्या कक्षेत येत नाही," तो हळूच म्हणाला. निघताना ती बाई पुन्हा म्हणाली, माझंच चुकलं, आणि मी पुन्हा मान हलवली. परतीच्या रस्त्यावर त्याने गाडीत मुलीच्या परीक्षेबद्दल सांगितलं, मी हूं हूं केलं, आणि खिडकीतून बाहेर बघताना मला सारखा तोच दिवस आठवत राहिला, तीन वर्षांपूर्वीचा, त्याच पाचव्या मजल्यावरचा.

तेव्हा माझ्या लिव्हरला मुठीखाली एक कडी होती. दोन बोटांनी कडी वर उचलल्याशिवाय लिव्हर जागचा हलायचा नाही. खिसा अडको, गुडघा लागो, वरून पोतं पडो, हलायचा नाही. शिवाय सीटखाली एक स्विच: माणूस उठला की तेलाची वाट बंद, हात जिथे आहेत तिथेच थांबणार. दोन्ही मी काढले होते, काढले म्हणजे कागदावर रेखाटले होते. मराठीत हा एकच शब्द दोन्हींना चालतो आणि मी दोन्ही अर्थांनी ते केलं. चाचणी घेणारे ड्रायव्हर म्हणाले, कडीने वैताग येतो, हातमोजे घातले की सापडत नाही, दिवसात हजार वेळा लिव्हर हलवायचा तर हजार वेळा कडी? स्विचबद्दल म्हणाले, खड्ड्यात सीट उडली की यंत्र मध्येच थांबतं. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. कडी मोठी करायला हवी होती, स्विचला अर्ध्या सेकंदाची सवलत द्यायला हवी होती. मी म्हणाले, दोन महिने द्या. होऊन-जाईल म्हणाला, "पेरणीच्या आधी यंत्र दुकानात हवं. बाई, शेतकरी काय लहान मूल आहे का? त्याला कळतं लिव्हरला हात कधी लावायचा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुख्य साहेबांनी घड्याळ पाहिलं. आणि मी म्हटलं, "ठीक आहे, पुढच्या आवृत्तीत घेऊ." मी म्हटलं. माझ्या तोंडाने. कुणी माझा हात धरून सही करवली नाही.

कडीच्या जागी स्टिकर आलं. पिवळं. 'उतरण्यापूर्वी हात जमिनीवर टेकवा. उचललेल्या हातांखाली उभे राहू नका.' त्यावर एक काळा माणूस, वर दोन रेघा, त्यावर लाल काट. त्या स्टिकरचा पिवळा रंग कोणता असावा यावर आम्ही त्याच खोलीत वीस मिनिटं घातली होती. लिंबासारखा की अंड्याच्या बलकासारखा. मी बलकाच्या बाजूने होते, आणि जिंकले होते, आणि घरी जाताना मला थोडं बरंही वाटलं होतं. हे आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. पुढची आवृत्ती तीन वर्षांत निघाली नाही. यंत्रं मात्र विकली गेली, चारशे बारा.

रविवारी आईचा फोन आला. ती धाकट्या भावाकडे असते, रविवारी फोन करते, औषधं, गुडघे, शेजारणीची सून असं सगळं सांगते. मी मध्येच विचारलं, "आई, बाबांची बोटं नक्की कशी गेली गं?" बाबा दुरुस्तीच्या कारखान्यात होते, उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. आम्हा भावंडांसाठी तो विनोद होता. बाबा तीन बोटं दाखवून म्हणायचे, "माझा पाढा लवकर संपतो." कुणी विचारलं तर म्हणायचे, माझं लक्ष नव्हतं, आणि हसायचे. आईने औषधांचं राहिलेलं वाक्य पुरं केलं.  मग म्हणाली, "लक्ष नव्हतं त्यांचं." "कुठे होतं?" "माझ्याकडे." मला कळेना. "अगं, मी डबा घेऊन गेले होते. तू पोटात होतीस. मी दारातून हाक मारली, अहो म्हणून. ते वळले. ते वळले आणि त्यांचा कोपर लागला कशालातरी, आणि ते वरचं धूड खाली आलं." मग म्हणाली, "मी हाक मारली नसती तर. एवढंच मनात येतं बघ. बावन्न-त्रेपन्न वर्षं झाली." मी म्हणाले, "आई, तू हे कधी सांगितलं नाहीस." "सांगायचं काय त्यात? त्यांनीही कधी दुसऱ्याला सांगितलं नाही. माझं लक्ष नव्हतं म्हणायचे. मला सांभाळून घेत होते."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि ओटा पुसत राहिले. स्वच्छ ओटा. बाबांनी आईला सांभाळून घेतलं, आईने ते सांभाळणं सांभाळलं, दोघांनी पन्नास वर्षं एकमेकांना पाठीशी घातलं आणि ज्याने कोपर लागेल अशा जागी तो खटका बसवला त्याला या घरात कुणी एक शिवी दिली नाही. त्याचं नावही कुणाला माहीत नाही. तोही कुठल्यातरी खोलीत बसला असेल, घड्याळ बघणाऱ्या साहेबासमोर. तोही 'ठीक आहे' म्हणाला असेल. घरी जाऊन नीट जेवला असेल. आणि इकडे माझी आई दारात उभी राहून कुणाला हाक मारायला कचरायची. लहानपणी मला वाटायचं तिचा आवाजच बारीक आहे. आम्ही अंगणात खेळत असलो तर ती चालत जवळ यायची, खांद्याला हात लावायची, मग बोलायची. जेवायला चला हे सांगायला सुद्धा. मला तिचा किती राग यायचा, बाकीच्यांच्या आया कशा खणखणीत ओरडायच्या. पुसता पुसता माझ्या हातातलं फडकं मी ओट्यावर आपटायला लागले. नवरा आतून म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "झुरळ." तो म्हणाला, "मेलं का?" "नाही," मी म्हटलं, "त्याला अजून सही करायची आहे." तो दारात येऊन बघून गेला. तेवीस वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळतं की कधी आणखी विचारायचं नाही.

तर मंगळवारी बारा वाजता मीटिंग. मुख्य साहेब, होऊन-जाईल, चौकशीवाला, मी. साहेब चांगले गृहस्थ आहेत, हे सांगितलंच पाहिजे. माझ्या आजारपणात त्यांनी मला दोन महिने घरून काम करू दिलं होतं. त्यांनी अहवाल माझ्याकडे सरकवला. "दुर्दैवी आहे. पण मुळात त्या माणसाने खाली उभंच राहायला नको होतं. आपण स्पष्ट लिहिलंय." मी पर्समधून आमचंच जाहिरातीचं पत्रक काढलं आणि चौथं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. रंगीत फोटो. आमचं यंत्र तुळई उचलतंय, खाली एक जण तुळईचं टोक धरून खांबावर बसवतोय, आणि हसतोय. "याला आपणच उभं केलंय," मी म्हटलं. "हातांखाली. कारण खाली कुणी उभं राहिल्याशिवाय तुळई खांबावर बसत नाही, हे फोटो काढणाऱ्यालाही कळलं." होऊन-जाईल म्हणाला, "अहो, फोटो म्हणजे फोटो असतो." "आणि बाई उठली कारण सीटवरून दिसत नाही. आणि लिव्हर हलला कारण त्याला कडी नाही. आणि कडी नाही कारण—" इथे माझा आवाज चिरकला, मला वाटलं मी रडणार, पण तो राग होता, माझ्या आईइतका जुना. मी टेबलावर हात आपटला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. चहाचा कप उडाला. "कडी नाही कारण मी या खोलीत बसून ठीक आहे म्हणाले! तुम्ही तिघांतले दोघे तेव्हा होतात! त्या बाईच्या घरात तिच्याशी कुणी बोलत नाही, आणि तुम्ही हा कागद त्या घरात पाठवणार?"

 साहेबांनी या वेळी घड्याळ पाहिलं नाही, एवढं खरं. मग हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही थकला आहात. सही दुसरं कुणीतरी करेल. तुम्ही थोडे दिवस सुट्टी घ्या." मी म्हटलं, "घेते. पण माझा अहवाल मी सकाळीच सुरक्षा निरीक्षकांच्या कार्यालयात देऊन आले आहे. तीन वर्षांपूर्वीच्या मीटिंगच्या टिपणासकट. त्यावर तुमची सही आहे, यांची आहे आणि माझी आहे." हे खोटं होतं. सकाळी मी लिफ्टच्या दाराशी खांदा भिडवत उभी होते. अहवाल लिहून तयार होता, पर्समध्ये, पण मी तो दिलेला नव्हता. होऊन-जाईलचा चेहरा बघितला आणि लक्षात आलं की आता तो दिल्याशिवाय गत्यंतर नाही. मी उठले, माझ्या टेबलावरून चारशे बारा यंत्रांची मालकांच्या फोन नंबरांसह यादी छापून घेतली आणि सरळ निरीक्षकांच्या कार्यालयात गेले. खिडकीवरच्या बाईने शिक्का मारला, पोच दिली, विचारलं, "तातडीचं आहे का?" मी म्हटलं, "तीन वर्षं उशीर झालाय." तिने वर न बघता 'तातडीचे' या चौकोनात खूण केली.

बुधवारी सकाळची बस धरून मी त्या शेतावर गेले. एकटी. कुणी पाठवलं नव्हतं, गाडी नव्हती, थांब्यापासून अर्धा तास चालावं लागलं. सासूबाई ओसरीवर धान्य निवडत होत्या, नवरा बादल्या धूत होता, ती खांबांच्या तिकडे होती, तिलाही मीच हाक मारून बोलावलं. मी बसले नाही. वाटेत जे पाठ केलं होतं ते विसरले. "लक्ष नव्हतं असं तुम्ही म्हणालात," मी तिला म्हटलं. "ते खरं नाही. तुम्ही बघायलाच उठला होतात. सीटवरून दिसत नाही, कारण यंत्र तसं बनवलंय. आणि उठताना लिव्हर खिशात अडकला, कारण तो अडकू नये म्हणून जी कडी असायला हवी ती मी काढून टाकली. मी तो लिव्हर बनवलाय." माझ्या अहवालाच्या नकलेचा कागद पुढे केला. तिने घेतला नाही. नवऱ्याने ओले हात पँटला पुसून घेतला, वाचला, खालच्या सहीवर बोट ठेवलं. "ही तुमची?" "हो." तो पुन्हा वरपासून वाचायला लागला. मग कागद तसाच धरून, माझ्याकडे न बघता, बायकोला म्हणाला, "मी तुला विचारलंच नाही. का उठलीस ते."

ती त्याच्याशी काही बोलली नाही. माझ्या समोर आली. गुरुवारी जी बाई उभी होती ती ही नव्हती, किंवा तीच होती आणि मी तिला पाहिलं नव्हतं. "गुरुवारी तुम्ही आमच्या यंत्रावर बसून बघितलंत. उठलात, बसलात. मी तिथून बघत होते. तेव्हा कळलं तुम्हाला?" "हो." "आणि जाताना मी पुन्हा म्हटलं, माझंच चुकलं. तुम्ही मान हलवलीत." "हो." "सहा दिवस?" मला वाटत होतं, मी कुठेतरी वाटच बघत होते, की ती रडेल, किंवा माझे हात धरेल, किंवा निदान बसा म्हणेल. कुणाचं ओझं उतरवायला आलोय असं समजून मी ते अर्धा तास चालले होते. "सहा दिवस मी या घरात कशी राहिले, तुम्हाला माहीत आहे का?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. "भाऊजींचं ताट मी अजून चुकून वाढते. मग उचलून ठेवते. सगळे बघतात आणि कुणी बोलत नाही." सासूबाई उठल्या. त्यांच्या मांडीवरचं सूप सरकलं, धान्य सांडलं, त्यांनी वळून पाहिलं नाही. आत गेल्या आणि ते जाकीट घेऊन आल्या, खिसा उसवून लोंबत असलेलं. "हे घेऊन जा," त्या मला म्हणाल्या. "दाखवा त्यांना. आम्ही जाळायचं ठरवलं होतं." मग सुनेच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, तिच्याकडे न बघता, नुसत्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ, आणि दोघी मिळून माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, बघू देत. एवढ्या वर्षांत कुणीतरी योग्य माणसाकडे बघतंय.

"आणखी कुणाकडे आहेत ही?" तिने विचारलं. मी म्हटलं, "चारशे बारा विकली." "ओढ्यापलीकडे एक आहे," ती म्हणाली. "रोज चालतं." आणि उत्तराची वाट न बघता निघाली. जाताना ओसरीच्या कोनाड्यातला पाना उचलला. मी जाकीट काखेत मारून तिच्या मागे. ओढ्याला पाणी फारसं नव्हतं, तरी माझ्या चपला भिजल्या. पलीकडचा शेतकरी जाडजूड, हसतमुख माणूस, शेणखताचा ढीग उचलून ट्रॉलीत टाकत होता. तिने लांबूनच त्याला दोन्ही हातांनी खुणा केल्या, हात खाली घे, हात खाली घे, आणि फावडं जमिनीला टेकून इंजिन बंद होईपर्यंत ती जागची हलली नाही. मग पाना माझ्या हातात दिला. "काढा. तुम्हीच काढा."

मी चढले आणि लिव्हरच्या बुडाचा नट सैल करायला लागले. शेतकरी हसणं विसरला. "अहो, हे काय चाललंय? माझं काम अडेल ना!" "अडू दे," ती म्हणाली. "अहो पण एवढं खत—" "फावडं आहे ना घरी? फावड्याने टाका. आमच्याकडे काय झालं माहीत आहे ना तुम्हाला? मातीला आला होतात तुम्ही."  तिने त्याला सगळं सांगितलं, उठणं, खिसा, खाच, कडी, एकही शब्द इकडचा तिकडे न करता, आणि त्या सांगण्यात 'माझं लक्ष नव्हतं' हे कुठेच आलं नाही. नट गंजलेला होता. तळहाताचं कातडं निघालं. शेवटी लिव्हर उपटून हातात आला, किती हलका, पाव किलोही नसेल, आणि मी खाली उतरले. शेतकऱ्याने तो माझ्याकडून घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं, "मग नवीन कधी मिळणार?" मी म्हटलं, "कडीवाला मिळेल. मिळेपर्यंत मी तुमच्या कंपनीला सोडणार नाही." माझ्या कंपनीला म्हणायचं होतं. तसंच राहू दिलं.

"उरले चारशे दहा," ती म्हणाली. तिने मनातल्या मनात केव्हाच वजाबाकी केली होती. "त्यांना कोण सांगणार?" "मी सांगणार आहे. यादी आणली आहे, सगळ्यांचे नंबर आहेत. घरी गेले की उद्या सकाळपासून—"

"उद्या का?"

दुपारचे सव्वातीन वाजले होते. मी खताच्या ढिगाशेजारी दगडावर बसले, चष्मा लावला, यादी मांडीवर पसरली आणि पहिला नंबर फिरवला. ती समोर उभी राहिली, हाताची घडी घालून. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग कुणा बाईचा आवाज आला, मागे इंजिनाचा धडधडाट होता, आणि तिला माझं बोलणं ऐकू येईना.

"जोरात बोला," समोर उभी होती ती म्हणाली.